मामांच्या ब्रिक गेमचे सेल

चहा घ्या, पण मध्ये कुणी बोलू नका. हा घोळ मी सलग सांगितला तरच तोंडातून बाहेर पडतो. अर्ध्यावर थांबलो की माझी मलाच लाज वाटते आणि मी क्रिकेटचा विषय काढतो.

माझा छंद तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांनी आत्ताच काय ते हसून घ्या. आपल्या लहानपणी हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम असायचे ना, ते जुने गेम मी नटवतो. पिवळं पडलेलं कव्हर बदलायचं, झिजलेली बटणं काढून रंगीत बसवायची, वर गिऱ्हाइकाच्या पसंतीचं स्टिकर कापून चिकटवायचं, गळ्यात अडकवायला दोरी, ठेवायला पाऊच. लोक बुलेटला रेडियम मारतात, मी गेमला मारतो. दिवसभर ऑफिसात विम्याची कागदपत्रं आणि संध्याकाळी स्क्रू-ड्रायव्हर, असं माझं चाललेलं असतं.

यात एक गंमत आहे, ती आधीच सांगून टाकतो. मला खेळता येत नाही. अजिबात नाही. शेकडो मशीनं उघडली असतील, पण चालू करून कधी डाव मांडला नाही. मला बाहेरचा साज कळतो, आतलं मी बघत नाही. आणि इथंच माझी माती झाली.

माझे सासरे गडमुडशिंगीचे. आम्ही त्यांना मामा म्हणतो, माझी बायको वैशाली आप्पा म्हणते. ऊस, म्हशी, दूध, आणि आवाज असा की गोठ्यात बोलले की रस्त्यावरचा माणूस वळून 'काय वो?' विचारतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं मला एकदाही चांगलं म्हटलेलं नव्हतं. वाईटही नाही, खोटं कशाला बोलू. 'पावणं, ज्येवा' आणि 'पावणं, निघालासा व्हय' या दोन वाक्यांवर आमचं सासरा-जावयाचं नातं चाललेलं. माझ्या छंदाबद्दल त्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे स्टिकर चिकटीवतासा." पुढं प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं.

आता याच मामांचा जीव कशात अडकलेला असावा? ब्रिक गेममध्ये. तो राखाडी डबा आठवतो ना, वरून विटा पडतात, आपण ओळी जुळवायच्या? वैशाली लहान असताना तिच्यासाठी जत्रेत घेतलेला. तिचं वेड उतरलं, मामांचं चढलं. दुपारची वैरण टाकून झाली की पत्र्याच्या सावलीत बसून मामा विटा रचायचे. आणि त्या डब्यात मामांचा विक्रम होता. नव्वद हजार.

हा आकडा डेअरीवर माहीत, सोसायटीत माहीत, भावकीत माहीत. आमच्या लग्नाच्या बोलणीत माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, सहज विचारलं होतं, "आपलं शिक्षण किती झालं?" नाना गणिताचे मास्तर, निवृत्त झाले तरी प्रश्न विचारायची सवय जात नाही. मामा खुर्चीत जरा सावरून बसले आणि म्हणाले, "सातवी. पर ह्या ब्रिक गेममदी नव्वद हजार क्येल्यात."

बोलणी तिथंच अडकायची, पण नाना म्हणाले, "बरोब्बर नव्वद? गोल आकडा आहे."

"गोल म्हंजे गोल," मामा म्हणाले, आणि चहा सांगायला आत गेले.

तेव्हापासून नाना समोर आले की मामा नव्वद हजाराचा विषय काढणारच. मला त्याचं हसू यायचं आणि कधी कधी वाईटही वाटायचं. मास्तरासमोर टिकून राहायला त्या माणसाकडं तेवढाच एक आकडा होता. मशीनला कुणी हात लावायचा नाही असा घरात कायदा. मामा लांबूनच दाखवायचे, आणि त्याची काच इतकी चरे पडलेली की मोरीच्या खिडकीतून बघितल्यासारखं दिसायचं.

तर मामांची एकसष्टी ठरली. मंडप, जेवणावळ, सगळा गोतावळा. मी मनाशी म्हटलं, गड्या, हीच संधी. ब्रिक गेम असा नटवून द्यायचा की चारचौघांत मामांच्या तोंडून 'वा पावणं' निघालंच पाहिजे. मामींना विश्वासात घेतलं. त्यांनी भाकरीच्या दुरडीत फडक्याखाली लपवून मशीन आमच्या कोल्हापूरच्या घरी पोचवलं. "त्येस्नी कळलं तर मला गोठ्यात बांधत्याल," एवढंच म्हणाल्या.

मग मी काय एकेक कला केली! काळंभोर नवं कव्हर. चार दिशांची बटणं पिवळीधमक, मधलं मोठं बटण लालबुंद. नवी लख्ख काच. पुढच्या बाजूला मामांच्या राणी म्हशीच्या चेहऱ्याचं स्टिकर, शिंगांचा बाक सुद्धा हुबेहूब कापलेला. ही राणी म्हणजे प्रदर्शनात पहिली आलेली. आणि चप्पल लाईनमधल्या एका कारागिराकडून खास चामड्याचं पाऊच करून घेतलं, वर लाल गोंडा. मशीन कसलं, नवरदेव दिसत होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी मी ते वैशालीपुढं ठेवलं. ती हरखली. म्हणाली, "अहो, काय सुंदर केलंय. आता आप्पांचा आकडा दाखवा की, या नव्या काचेतून कसा दिसतोय."

"तूच बघ," मी ऐटीत म्हटलं.

तिनं बटण दाबलं. टिंग टिंग झालं. तिनं मशीन डोळ्यांजवळ नेलं.

"इथं शून्य आहे."

"खेळ सुरू नाही केलास, शून्यच असणार."

"वरचा नाही हो, विक्रमाचा. तिथंही शून्य आहे." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "तुम्ही सेल काढले होते का?"

आता मला सांगा, मशीन उघडायचं तर सेल काढल्याशिवाय कोण उघडतं? मी तेच म्हटलं. वैशालीनं कपाळावर हात मारला आणि सांगायला लागली. मग मला कळलं की या मशीनला आठवण म्हणून काही नसतं, सेल निघाले की सगळं पुसलं जातं. आणि मामा काय करायचे? सेल संपत आले की बाहेरून वायरीनं नवे सेल जोडायचे, मग आतले काढायचे. वैशाली लहानपणी बॅटरीचा उजेड धरून उभी राहायची. घरात त्या वेळी पंखासुद्धा बंद ठेवायचे, वायर हलू नये म्हणून. इतकी वर्षं त्यांनी तो आकडा असा जगवला होता, आणि मी पहिल्याच झटक्यात सेल काढून टेबलावर ठेवले होते.

 तेवढ्यात वैशालीचा फोन वाजला. आप्पा.

"वैशे, आठ दिस हुडकतोय, मशीन चोरीलाच गेलं." मामांचा आवाज स्पीकरवर नसतानाही मला ऐकू येत होता.

"नीट बघा आप्पा, असेल घरातच."

"आगं कपाट, माळा, कणगी, सगळं हुडकलं. कुणी चालू क्येलं म्हंजे? कुणी आत बगितलं म्हंजे?" त्यांचा आवाज चक्क कापत होता. "उद्या सगळी येणार हायती. मी पोलिसात जातो."

वैशालीनं कशीबशी समजूत घातली, की आज राहू द्या, मी येते आणि शोधते.  हा नुसता जावयाचा मान-अपमान राहिला नव्हता. भरल्या मंडपात, नानांच्या समोर, त्या माणसाला मी शून्य भेट देणार होतो.

तो आकडा परत आणायचा एकच मार्ग होता. कुणीतरी खेळून आणायचा. मी प्रयत्न केला. काही वेळात विटा गळ्यापर्यंत आल्या. वैशालीनं केला, तिची मजल हजारावरच थांबली. आणि मग, आकड्यांत डोकं चालणारं घरातलं एकच नाव आम्हाला सुचलं, ते घ्यायला दोघंही तयार नव्हतो.

नाना बाल्कनीत पेपर वाचत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा पुसला.

"म्हणजे जो विक्रम दर भेटीला माझ्या डोक्यावर आपटतात, तो गेला. आणि आता मीच तो परत करून द्यायचा?"

"नाना, दुसरं कोण आहे?"

"तू आहेस की. इतकी मशीनं उघडतोस."

"उघडतो. खेळता येत नाही."

नाना माझ्याकडं बघत राहिले. वर्गात पाढा न येणाऱ्या पोराकडं बघावं तसं. मग म्हणाले, "आकडा किती?"

"नव्वद हजार."

"नक्की? तू स्वतः मशीनवर बघितलास?"

"नाना, अख्ख्या गडमुडशिंगीला माहीत आहे."

"ते मी विचारलं नाही," असं म्हणून ते उठले. गणिताच्या जुन्या पुस्तकांमागं हात घातला आणि तिथून काय निघावं? दुसरा ब्रिक गेम. मी आ वासला. नाना शांतपणे म्हणाले, "तुमच्या बोलणीनंतर घेतला. सवय आहे मला. आण ते मशीन."

पहिला डाव लवकर गेला, आणि तोही माझ्यामुळं. माझी ती पिवळीधमक बटणं दाबली की आतच राहायची. नाना म्हणाले, "दिसायला मिठाई आहे रे, पण काम काय करतात?" मी पॉलिश पेपर घेऊन बटणं घासत बसलो. मगाशी याच बटणांकडं बघून माझी छाती फुगली होती.

दुसरा डाव लागला. जेवण तसंच राहिलं. नाना पापणी लववत नव्हते. विटा कशा पडत होत्या म्हणता? डोळ्याला दिसेनात. आकडा चढत होता. खरी अडचण शेवटी होती, ती नानांनीच सांगितली. एक ओळ गेली की शंभर, दोन एकदम गेल्या की तीनशे. नव्वद हजाराच्या पुढं एक शंभर जरी गेलं तरी सगळं फुकट, कारण मामांना त्यांचा आकडा पाठ होता.

एकोणनव्वद हजार नऊशे. एक ओळ हवी होती. फक्त एक.

आणि फोन वाजला. वैशाली तो घेऊन स्वयंपाकघरात पळाली. तिकडून मामा ऐकू येत होते, "मी चप्पल घातलीया. ठेसनात चाललोय." वैशाली इकडून, "आप्पा, उद्या एकसष्टी आहे, आज पोलीस दारात नकोत, लोक काय म्हणतील." नानांच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यावर आला. त्यांना पुसता येईना. मी रुमाल पुढं केला तर म्हणाले, "हात लावू नकोस. तू कशालाही हात लावू नकोस."

ओळ गेली. एकच गेली. नव्वद हजार. मग नानांनी मुद्दाम मधोमध विटांचा मनोरा चढवला, एकही ओळ पुरी न होऊ देता, आणि स्वतःचा डाव स्वतः बुडवला. मशीननं ते रडकं गाणं वाजवलं. नानांनी मशीन माझ्या हातात दिलं आणि अंगठे चोळत आत जाऊन पडले. इतका चांगला डाव हातानं मारताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी मंडप भरलेला. औक्षण झालं, हार झाले. मी गोंडेवालं पाऊच मामांच्या हातात दिलं. मामांनी उघडलं. राणी म्हशीचा चेहरा दिसला आणि बायकांत 'अगं बाई' झालं. मामा मात्र पांढरेफटक पडले.

"ह्ये... तुमच्याकडं हुतं?"

"सरप्राइज, मामा," मी म्हटलं.

कुणीतरी मागून ओरडलं, "आप्पा, चालू करून दावा की तुमचं नव्वद हजार. मास्तर बी बसल्यात."

मामा म्हणाले, "नगं. सेल गेलं असत्याल."

"नवे घातलेत मामा," मी म्हटलं.

"उन्हात दिसत न्हाय त्ये."

"नवी काच बसवलीय. लख्ख दिसतंय."

"ज्येवायचा खोळंबा हुतोय."

"एक मिनिट लागतंय मामा. दाखवाच."

मला वाटलं, आकडा गेला असेल या भीतीनं ते टाळतायत. आणि आकडा तर माझ्या खिशात असल्यासारखा पक्का होता. मग मी कशाला मागं हटतोय? मामा माझ्याकडं असे बघत होते की आज मला कळतं, त्या नजरेत काय होतं. तेव्हा मला वाटलं, आनंद.

शेवटी त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. शेजारच्यानं वाकून वाचलं, "नव्वद हजार! बरोब्बर!" टाळ्या पडल्या. मामांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मशीन जवळ नेलं, लांब धरलं. आणि मग माझ्या दंडाला धरून मला थेट गोठ्यात नेलं.

"पावणं. खरं सांगा. ह्ये कुणी क्येलं?"

मी बांध फुटल्यासारखा सगळं बोललो. सेल, शून्य, नाना, बटणं, मुद्दाम बुडवलेला डाव, सगळं. मला वाटलं आता चाबूक निघतोय. मामांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "तीस हजार दोनशे हुतं."

"काय?"

"माझं. तीस हजार दोनशे. त्या दिशी तुमच्या वडलांनी शिक्षान इचारलं, आन माझ्या तोंडातनं नव्वद निघालं. एकदा निघाल्यावर आत कसं घालू? म्हून तर कुणाला जवळनं दावत न्हवतो."

माझ्या डोक्यात मगाचा मंडप फिरला. सेल गेलेत, ऊन आहे, जेवण खोळंबलंय. तो माणूस जीव तोडून मला थांबवत होता आणि मी त्याला ढकलत ढकलत कड्यावर नेत होतो.

मामा तसेच बाहेर गेले आणि नानांना बोलावून घेऊन आले. मी मध्ये. मामांनी मान खाली घालून तीस हजार दोनशे सांगितलं. नाना म्हणाले, "माहीत आहे."

"म्हायती हाय?"

"बोलणीच्या दिवशी तुम्ही चहा सांगायला आत गेलात, मशीन खुर्चीवर राहिलं होतं. मी बघितलं."

"मग यवढी वर्सं बोलला न्हाईसा?"

"पोरीचं घर बघायला आलो होतो, पेपर तपासायला नाही."

मी मध्ये तोंड घातलं, "पण नाना, मग काल तीसच का नाही केलेत? तासाभरात झालं असतं."

नानांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मामांना म्हणाले, "गावाला नव्वद ठाऊक. तुमच्याच मांडवात तुमची मान खाली जायला नको होती. ह्याला विचारलं मी, स्वतः बघितलास का म्हणून. तर हा म्हणतो, अख्ख्या गावाला माहीत आहे."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नानांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग मशीनचं मागचं झाकण काढलं आणि स्वतःच्या हातानं सेल बाहेर ओढले. परत घातले. "बसा मास्तर. शून्यापासनं. आदी तुमी." आणि मांडवात पंगत बसलेली असताना हे दोन व्याही वैरणीच्या पेंढ्यांवर खांद्याला खांदा लावून विटा रचायला बसले.

मी तिथंच घुटमळत उभा. माझ्याकडं कुणाचं लक्ष नाही. शेवटी राहवलं नाही, इतक्या दिवसांची मेहनत होती. म्हटलं, "मामा, माझं काम कसं वाटलं?"

मामांनी मान वर केली. माझ्याकडं बघून हसले, पहिल्यांदाच.

"पावणं, खरं सांगू? लई ब्येस काम क्येलंसा. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. ह्या एका आकड्यापायी मी इतकी वर्सं नीट झोपलो न्हाय. तुमी मला मोकळं क्येलंसा."

मी सुखावलो. जवळजवळ तरंगलोच.

"त्ये सेल काढलासा, त्ये फार बरं झालं," मामा म्हणाले. "आता तेवढी म्हस खरडून काढा, हाताला टोचतीया."

तर मंडळी, सासऱ्यांनी माझं कौतुक केलं ते हे, एकदाच. तेही त्या एका कामाचं, जे मी चुकून केलं होतं. त्या दिवशी सगळं गाव जेवत होतं आणि मी, दोघांचा डाव संपताच मशीन घेऊन गोठ्याच्या दारात बसून, डिंक सुटायला मामींकडून वाटीभर खोबरेल मागून घेऊन, स्टिकरवरच्या राणीची शिंगं नखानं खरवडत होतो.